मोहाचा वास

मातामायची आन, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तं माही जीभ झडो. वाघानं मले वाट सोडली होती, ती गोष्ट वेगळी. तिच्यात थोडं कमीजास्त असन. हिच्यात नाई.

दसरू आंगनात बाजेवर बसला होता. डोस्क्यावर नवे केस आले होते, पन कानापासून कपाळावरी टाक्यांची वाट उघडीच होती. डोस्क्यातली नस फुग्यावानी फुगून फुटली होती त्याची. नागपूरच्या डाक्तरनं कवटी उघडून नसेले चिमटा लावला, तवा वाचला. आता डाव्या हाताची बोटं वळाले पायजे म्हून एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकून राह्यला होता.

शेजारचा बापूराव पाह्याले आला होता.

"त्या दिवशीचं मले काईच याद नाई, भाऊ," दसरू हळूहळू बोलला. "मोहाची फुलं येचून आलो, आन् डोस्क्यात कुऱ्हाड बसल्यावानी झालं. मंग डोळे उघडले ते दवाखान्यातच. पन या गोकुळानं एक घडी वाया नाई घालवली."

"बायको हुशार आहे तुही. माही असती तं आधी गावभर सांगून आली असती."

गोकुळा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"घालवली," ती म्हनली.

दोघंही तिच्याकडं पाहू लागले.

"दोन घंटे घालवले. तुमी ओकले, पडले. आंगाले मोहाचा वास येत होता. मले वाटलं, आज सकाळीच मोहाची दारू ढोसून आले. वरून शिव्या देल्या, आन् टोपल्यातला मोह वाळू घालत बसली. गावच्या दवाखान्यातला सुरेंद्र आला, त्यानं तुमचा डोळा पाह्यला, तवा गाडी आनली." तिनं कप बाजेवर ठेवले. "मोह येचनाऱ्याच्या आंगाले मोहाचाच वास येते. मले का मालूम नोहतं?"

बापूरावनं चहा घेतला नाई. बैल सुटला असन म्हनला, आन् चपला घालून निघून गेला.

दसरू हासला. "मंग, वाळला का मोह?"

बस, एवढीच गोष्ट.

आता आन घेतली आहे, म्हून सांगून टाकते. तो हासला, तेवढं मी घातलं. मोहाचंही त्यानं इचारलं नाई. मले गोकुळाची कीव आली, दुसरं काय. त्यानं हातातला चिंचोका वाटीत टाकला. मंग बोलला, "डाक्तर म्हनत होता, आनाले उशीर झाला. मी त्याच्याशी भांडलो होतो."