नकाशा कोणी फाडला

"तीनदाच?" जाळीपलीकडून बाईंनी विचारलं. "प्रायश्चित्ताची प्रार्थना फक्त तीनदा? मी सुनेला या आठवड्यात पाच वेळा टोचून बोलले आहे."

"मग पाचदा म्हणा," फादर म्हणाले.

"दहा सांग. आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

फादरांनी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात दहा सांगितल्या. मागच्या बाकावर चार माणसं आपापली पापं घेऊन रांगेत बसली होती. त्यांनी माना खाली घातल्या. सुनेचा विषय त्यांना नवीन नव्हता.

पापनिवेदनाच्या त्या लाकडी खोलीत मधोमध जाळी असते, ती सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला ओळखू नये म्हणून. बाईंनी फादरांना पाचवीत भूगोल शिकवला होता. फादर इथे बदलून आले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी पाच वाजता दोघं एकमेकांना न ओळखण्याचं कर्तव्य चोख पार पाडत होते. बाईंची चाहूल लागली की फादर पाठ ताठ करून बसत, एवढंच.

आज मात्र दहा पदरात पडल्यावरही बाई उठल्या नाहीत.

"आणखी काही?"

"सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे."

"देव सर्जनच्या हाताला यश देईल."

"सर्जन माझाच विद्यार्थी. काठावर पास झालेला. म्हणून आजच सांगून टाकते." फळ्यावर लिहिण्याआधी थांबत, तशा बाई थांबल्या. "चार वर्षं मी इथे एक गोष्ट सांगायला येते आणि सून सांगून परत जाते."

फादर गप्प बसले. ऐकताना गप्प बसावं हे त्यांना धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवलं होतं. त्याआधी बाईंनी शिकवलं होतं.

"पाचवीच्या वर्गात जगाचा नकाशा होता. एका मधल्या सुट्टीत तो फाटला. बरोबर समुद्रातून फाटला, म्हणून देश वाचले. मी एका मुलाला आठवडाभर व्हरांड्यात उभं केलं. तो म्हणत होता, देवाशपथ मी नाही. मी म्हटलं, देवाला मध्ये आणू नकोस. आठव्या दिवशी शिपाईमामा आले. म्हणाले, बाई, धूळ झटकताना माझ्याच हातून फाटला, भीतीने बोललो नाही. मी लगेच वर तक्रार केली. शाळेची घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना अडगळीच्या खोलीवर नेमलं. त्या मुलाला नुसतं म्हटलं, आत येऊन बस. माझं चुकलं, असं म्हणाले नाही. पाचवीतल्या पोराला कुठली बाई म्हणते? पण पोर निर्दोष होतं." बाईंचा आवाज आता मागच्या बाकापर्यंत जात नव्हता. "मला देवाकडे जायचंय रे. पण वाटतं, तो मला दारातच विचारेल, त्या मुलाचं काय केलंस?"

जाळीपलीकडे काहीच हललं नाही.

"झोपलास की काय?"

"बाई," फादर म्हणाले, "नकाशा मीच फाडला होता."

रांगेत कोणीतरी खोकलं. त्याला बहुधा घाई होती.

"काय म्हणालास?"

"नकाशाच्या काठीने तलवार तलवार खेळत होतो. मामांनी खिडकीतून पाहिलं होतं."

"मग मामा माझ्याकडे येऊन..."

"खोटं बोलले. मला व्हरांड्यात उभं राहिलेलं बघवेना त्यांना."

"आणि त्यांची घंटा गेली तेव्हा तू काय केलंस?"

"आत येऊन बसलो. तुम्हीच म्हणालात ना."

"म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या पापासाठी रडत होते."

"पाप बरोबर आहे, बाई. माणूस तेवढा चुकीचा धरलात."

मामा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना फादरांनीच म्हटली होती. बाई पहिल्या बाकावर होत्या. प्रार्थना फार छान झाली, असं सगळे म्हणाले होते.

"हे कुणाला सांगितलंस कधी?"

"माणसांत कुणाला नाही. देवाला रोज सांगतो."

"मग तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, बाईंना सांग."

"आणि तू चार वर्षं सून ऐकत बसलास!"

"मला बरं वाटायचं," फादर म्हणाले. "सून संपेपर्यंत वेळ संपायची."

बाईंनाही तेच बरं वाटत आलं होतं.

फादरांनी पापनिवेदन ऐकताना घालायचा गळ्यातला जांभळा पट्टा काढला, त्याची नीट घडी केली आणि ती खुर्चीवर ठेवली. त्यांच्या बाजूची कडी वाजली, दार उघडलं. बाईंना वाटलं, पळाला. रांगेतली चारही माणसं उठून उभी राहिली. पापनिवेदन अर्धवट टाकून फादर बाहेर आल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे न बघता फादर वळसा घालून बाईंच्या बाजूला आले. गुडघे टेकायची फळी एकाच माणसाच्या मापाची होती.

"बाई," ते म्हणाले, "जरा सरका."