राउटरचा हिरवा दिवा

“त्या दिवशी लाईट गेली, नेटही गेलं. तुला व्हिडिओ कॉल लावणार कसा? वकील थांबेना, म्हणून तुझ्याशिवायच घराच्या कागदांवर आईची सही घेतली,” दादा मान वर न करता म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ऑफिसांना बॅटऱ्या बसवून पोट भरते. आईच्या राउटरलाही मीच एक जोडली होती, छोटीशीच, पण आठ तास टिकणारी. “किती वेळ गेली होती लाईट?” “असेल, एखादा तास.” मी उठले आणि दाराजवळचा मेन स्विच खाडकन खाली ओढला. पंखा थांबला तशी आई आतून आली. कपाटावरच्या राउटरचा हिरवा दिवा मात्र चालूच होता. “सहीच्या दिवशी नेट नव्हतं म्हणे!” मी दिव्याकडे बोट करत ओरडले. तिने तिकडे पाहिलं, मग दादाकडे. “मला तर म्हणालास, ती फोनच उचलत नाही.”