तपकिरीवर तपकिरी

गालुहनं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि डोकं धरून बसली. बाटिकची कापडं रंगवून पोट भरणाऱ्या बू पोनियेमच्या काखेतल्या गाठीत जिकडे बघावं तिकडे तपकिरीच तपकिरी. कातडीच्या काळ्या कॅन्सरच्या पेशी लॅबच्या तपासणीच्या रंगानं तपकिरी होतात, हे खरं. पण ह्यांना तर फांद्या फुटलेल्या, कातडीत पहारा देणाऱ्या पेशींना असतात तशा. मग ह्या काखेत कशाला तडमडल्या?

“झालं का गं?” बू एंदांग दारातूनच म्हणाल्या. त्या लॅबच्या प्रमुख; इथं बाईमाणसाला मानानं ‘बू’ म्हणतात. “सर्जनचा सारखा फोन येतोय. कॅन्सर असला तर उद्या सगळी काख साफ करणार. बाईचा उजवा हात सुजून कामातून जाईल, तेव्हा नीट बघून सांग.”

“बू, मलाच काही कळेना झालंय. कॅन्सर वाटतोही, नाहीही वाटत.”

“हे बरंय! सर्जनला असंच कळवू का?”

गालुहनं चिडून पडताळणीची काच लावली. हिच्यावर कॅन्सर ओळखायचं औषध घातलेलंच नव्हतं. तीही तपकिरी! तिला स्वतःच्या डोळ्यांचाच संशय आला. मग एकदम उलगडलं. त्या पेशी कातडीतलं काळं द्रव्य पोटात भरूनच आल्या होत्या, आणि लॅबनं सवयीनं वर आपला तपकिरी रंग चढवला होता. त्यांचा कुठला नि आपला कुठला, डोंबल दिसणार!

लाल रंग वापरून काचा पुन्हा केल्या. कॅन्सर ओळखायच्या काचेवर लालाचा टिपूस नाही. पहारेकरी पेशी ओळखायच्या काचेवर मात्र लालभडक फांद्या. कातडीच्या खाजेची खबर घेऊन आल्या होत्या बिचाऱ्या.

गालुह धावतच वॉर्डात गेली. बू पोनियेम खाटेवर बसून मनगट खाजवत होत्या.

“बू, कॅन्सर नाहीये! ऑपरेशन रद्द. वाचला तुमचा हात.”

बू पोनियेम ढसाढसा रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, “मग ही गाठ कसली?”

“खाजेची. बाटिकचा रंग बाधतोय तुम्हाला. आता त्या रंगात हात घालायचा नाही हं.”

“किती दिवस?”

“कधीच नाही, बू.”

बू पोनियेमनी हात उलटसुलट करून पाहिला. नखं अजून निळी होती. मग त्या हसल्या. थट्टेनं की रागानं, गालुहला काही केल्या कळेना.

“मग वाचवलात कशाला, बू डॉक्टर?”