आवडीची रेकॉर्ड

आप्पा आपल्या रेकॉर्ड तळहाताच्या फोडासारख्या जपत. ओरखडा पडेल म्हणून बायकोलाही त्यांनी कधी हात लावू दिला नाही. पण आता त्यांचेच हात थरथरायला लागले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी मऊ फडकं तिच्या हाती दिलं.

"आडवं पुसू नकोस," ते सांगू लागले, तोवर तिने रेकॉर्ड अलगद कडेने धरली होती आणि खाचांच्या अंगाने फडकं गोल फिरवत ती धूळ टिपत होती.

"हे कुठे शिकलीस?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की रोज एक लावायचे. पुसून ठेवली नसती तर तुम्हाला कळलं असतं."

आप्पा तिच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "तुझ्या आवडीची कोणती?"

"लवकर झिजली म्हणून तुम्ही अजून दुकानदाराला नावं ठेवता ना, ती."