चिमूटभर मीठ

इन्फ्लुएंझाच्या साथीत नवऱ्याला, दिवाकरला, दवाखान्यात नेलं, तेव्हापासून विनताला रोज एकच स्वप्न पडे. धाकटा दीर अच्युत नर्मदेकाठच्या ग्वारीघाटाच्या स्मशानातून मुंडण करून एकटाच परत आलाय. शेजारच्या भानुमतीकाकूंनी उपाय सांगितला. "काहून भितेस? स्वप्नातच चिमूटभर मीठ जिभेवर ठेव. अळणी लागलं की समज, सारं खोटं आहे. मग तू म्हणशील तसं होते."

उपाय लागू पडला. स्वप्नातलं मीठ अळणी लागे, मग विनता अच्युतला दटावी, "भाऊजी, जा, ह्यांना घेऊन या," आणि दिवाकर हसत दारात येई. तिच्या जिवाची घालमेल थांबली.

आज सकाळी अच्युत दारात उभा होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. विनता भिंत धरत चुलीपाशी गेली. तिनं मीठ जिभेवर ठेवलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"भाऊजी, जा, ह्यांना घेऊन या."



चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना मघाची पेज आठवली, दोनदा मीठ घालूनही सून म्हणाली होती, "ताप उतरला, पण तोंडाला चवच नाही, आई."