कुणाकडनं आलं?

बेळगावच्या डॉक्टरांनी चौतिशीतल्या गोमटेशच्या कंपवाताचं कारण सोपं करून सांगितलं. "आई-वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलंय. त्यामुळे मेंदूतल्या पेशींना आतला कचरा काढता येत नाही, आणि त्या मरत जातात."

निपाणीच्या वाटेवर गाडीतच भांडण जुंपलं. मागच्या सीटवर गोमटेशच्या हातातला रिपोर्ट उसाच्या पाल्यासारखा सळसळत होता.

"तुमच्याकडनंच आलंय," आई म्हणाली. "तुमच्या आप्पांचे हात थरथरायचे, डोळ्यानं बघितलंय मी."

"बघशील की! तुझ्या आईचे बी आप्पाच ते," वडील उखडले. "सख्ख्या मामाशी लगीन लागलंय तुझं, इसरलीस व्हय?"

"मग तुमच्याच घरातलं झालं की!"

"आन् तू कुठल्या घरातली गं?"

संकेश्वर येईपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी गाडी चालवणाऱ्या दिव्यानं, गोमटेशच्या धाकट्या बहिणीनं, करकचून ब्रेक दाबला.

"आई, अण्णा, बास झालं! मला एवढंच सांगा, येत्या रविवारी ज्याच्याशी माझा साखरपुडा ठेवलाय, त्यो धाकटा मामा आता कुणाकडचा धरायचा?"