बेटावरचे झेंडे

लहानीने पाचवा झेंडा उपटला आणि काखेत मारला.

"वयनी, साहेब येतोय वर!" खाली होडीत बसलेला तिचा दीर कमळू ओरडला.

"येऊ दे. मी काय चोर हाय?"

चोर ती नव्हतीच. धरणाचं पाणी चढायच्या आधी हे बेट म्हणजे साधी टेकडी होती आणि टेकडीवर लहानीची वाडी होती. तेव्हाही असेच कुणी साहेब आले, असेच लाल झेंडे रोवून गेले. झेंड्यापर्यंत पाणी येणार, म्हणाले. अगदी सांगितल्यासारखं आलं. शेतं बुडाली, वाट बुडाली. माथ्यावर राहून खाणार काय? वाडी उठली आणि जो तो मिळेल तिकडे पांगला. मागे राहिलं लहानीच्या घराचं कोरडं जोतं. दर दिवाळीत वाघबारशीला होडीतून यायचं, ते शेणाने सारवायचं आणि दिवा लावायचा, हा तिने नेम ठेवला होता. आज आली तर थेट माथ्यावर झेंडे! म्हणजे एवढंसं उरलेलंही पाणी गिळणार. ती जिवंत असेपर्यंत तरी नाही.

साहेब, म्हणजे हरेश, धापा टाकत पोचला. बेटावर जे होणार होतं, त्याचा आराखडा त्याचाच होता.

"आजी, झेंडे द्या. दोन महिने खपून जागा आखल्यात मी."

"नाय देनार. माझ्या उंबऱ्यात पानी आनतोस? आधी मला बुडव!"

हरेशने तिच्या काखेतल्या झेंड्यांकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"पाणी नाही येणार हो, आजी. इथे खेळ होणार आहे. गोल्फ."

आपल्या कामाचा विषय निघाला की गडी रंगात यायचा. होडीतून उतरलं की पहिला फटका. मोहाची झाडं आहेत तशीच ठेवून वळणावळणाची हिरवळ. शेवटचा फटका माहुलीच्या सुळक्यांकडे तोंड करून. आणि सभासद-बिभासद भानगड नाही, कुणीही यावं. गावातल्यांनीसुद्धा.

त्यातलं निम्मं लहानीच्या डोक्यावरून गेलं. पाणी येणार नाही, एवढं मात्र पक्कं कळलं आणि तिच्या जिवात जीव आला. तरी काखेतली पकड काही सुटेना.

"मग झेंडा कशाला रे?"

"खाली खड्डा असतो, चेंडू त्यात घालायचा. झेंडा लांबून दिसतो. माणसं त्याच्याकडे बघत बघत चालत येतात."

"येतात? झेंडा बघून उठून जात नाय?"

"छे! झेंडा लागला की माणसं येणारच."

लहानीने पाण्यापलीकडे, वाडी पांगली त्या दिशेला पाहिलं. मग तिने झेंड्यांचा भारा हरेशच्या हातात दिला. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच तिने त्यातला एक परत ओढून घेतला.

"ह्यो माझ्या दारात लाव," ती म्हणाली.